बायपासचा व्रण: "छान बसलाय" म्हणजे नेमकं काय?

आईची बायपास झाली तेव्हा घरी येणारा प्रत्येकजण विचारायचा, "टाके सुकले का?" आणि आई म्हणायची सुकले, विषय संपला. पण टाके सुकणं वेगळं आणि व्रण बरा होणं वेगळं. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, आतलं छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं ते जुळायला 6-8 आठवडे तरी जातात, आणि व्रणाचं रंगरूप ठरायला वर्ष-दीड वर्ष. पहिले काही महिने तो लाल, टणक, वर आलेला दिसतो, त्याने लगेच घाबरू नका.

डॉक्टर लोक व्रणाला मार्क देतात माहितीये? व्हँकुव्हर स्केल म्हणून आहे, लाली, रंग, लवचिकपणा, उंची, मिळून 13 मार्क, शून्य म्हणजे अगदी नॉर्मल कातडी. आता सांगा, यात खाज कुठेय? दुखणं कुठेय? 2004 मध्ये पोसास नावाचं स्केल आलं त्यात पेशंटही मार्क देतो, दुखणं, खाज, रंग, कडकपणा, जाडी, उंचसखलपणा, प्रत्येकी 1 ते 10. मी आईला विचारलं तर रंगाला 2 ("मला आता कोण बघायला येतंय!") आणि खाजेला थेट 8. तिकडे डॉक्टर म्हणत होते, छान बसलाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण रात्री झोपमोड कोणाची होते?

आईच्या व्रणाचा खालचा भाग जास्त जाड झालाय, आणि ब्लाऊजचे पुढचे हुक बरोब्बर तिथेच घासतात, वरून मंगळसूत्राच्या वाट्या. बाजूने हुक असलेले सुती ब्लाऊज शिवून घेतले, बराच फरक पडला.

व्रण कापल्याच्या रेघेतच जाड झाला तर तो बहुतेक हळूहळू बसतो. रेघ सोडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरला तर तो केलॉइड, आणि छातीचा मधला भाग त्यासाठी बदनामच. घरात कोणाला कान टोचल्यावर गाठ आली असेल तर आधीच सांगून ठेवा. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी (पट्टी दिवसाचे 12 तास तरी, दोन-तीन महिने), केलॉइडला स्टिरॉइडचं इंजेक्शन, हे डॉक्टरांना विचारूनच. हळद-लिंबू मात्र कृपा करून नको.

आणि पू आला, ताप आला किंवा खोकताना हाड कट्कन हललं, तर व्रण कसा दिसतोय ते राहू दे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.