मेझमधला कमी आलेला आकडा

पार्टिकल ॲक्सिलरेटर म्हटलं की लोकांना जिनिव्हाच आठवते. आमच्या कॅन्सर हॉस्पिटलातलं लिनॅक हेही ॲक्सिलरेटरच. इलेक्ट्रॉन पळवायचे, टंगस्टनवर आदळायचे आणि निघालेले एक्स-रे गाठीवर सोडायचे. नवीन मशीन 15 एमव्हीचं, म्हणजे मेगाव्होल्टचं होतं. साधारण 10 एमव्हीच्या पुढे गेलं की हे एक्स-रे मशीनच्या डोक्यातल्या टंगस्टन-शिशातून न्यूट्रॉन उडवू लागतात, आणि ते भिंतींवर आपटत मेझमधून दाराकडे निघतात. मेझ म्हणजे बंकरच्या, म्हणजे मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीच्या, दारापासून आत जाणारी वळणाची बोळ.

बंकर नकाशावर होतं तेव्हाच मी ते फ्लुकामध्ये उभं केलं होतं. हा मॉन्टे कार्लो पद्धतीचा प्रोग्राम आहे. एकेक कण सोडायचा, तो कुठे आपटेल, कुठे शोषला जाईल हे संभाव्यतेने ठरवत जायचं, आणि असे कोट्यवधी कण. माझा संगणक रात्र-रात्र त्यातच अडकलेला असायचा. आता खऱ्या मोजमापाचा दिवस उजाडला होता. रेडिएशनच्या सर्व्हे रिपोर्टशिवाय एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) मशीन रुग्णांसाठी सुरू करू देत नाही.

भिंती, गच्ची, कंट्रोल रूम हे सगळं लवकर उरकलं, कुठे काही वावगं नव्हतं. दाराबाहेर रेम काउंटरने, म्हणजे न्यूट्रॉनचा डोस मोजणाऱ्या यंत्राने, दाखवलेले न्यूट्रॉनही सिम्युलेशनशी छान जुळले. मग तो काउंटर आम्ही मेझच्या आतल्या वळणावर ठेवला, जॉ, म्हणजे बीमची वाट लहानमोठी करणारे धातूचे ठोकळे, पूर्ण मिटले (न्यूट्रॉनसाठी हीच सगळ्यात वाईट स्थिती), दार लावलं आणि बीम सुरू केला. आत माणूस थांबू शकत नाही, म्हणून सीसीटीव्हीचा कॅमेरा झूम करून काउंटरचा डिस्प्ले वाचायचा. आकडा आला सिम्युलेशनच्या जेमतेम एक तृतीयांश.

कंत्राटदाराचे साइट इंजिनियर खूश. ‘‘कमीच आलंय ना मॅडम? मग टाका लिहून.’’

जास्त आला असता तर याच माणसाने काउंटरवर संशय घेतला असता. कमी आलेल्या आकड्याची कुणी उलटतपासणी करत नाही, हा माझा जुना अनुभव. शिवाय एकच नकाशा, एकच काँक्रीट, एकच बीम. दारावर बरोबर ठरलेलं गणित आतल्या वळणावर तिपटीने का चुकावं?

माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला वाटलं, काउंटर भरून जात असेल, म्हणजे न्यूट्रॉन इतके दाटीने येत असतील की सगळे मोजलेच जात नसतील. त्याने डोस रेट मिनिटाला 600 मॉनिटर युनिटवरून (मशीनने दिलेला डोस मोजायचं एकक) 300 वर आणि मग 100 वर आणला. आकडाही बरोबर त्याच प्रमाणात उतरला. ‘‘बघा मॅडम, एकदम सरळ रेषा. काउंटर ठीक आहे.’’

इथेच मेख होती. लिनॅकचा बीम सलग नसतो. सेकंदाला काहीशे पल्स येतात, प्रत्येक जेमतेम काही मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ‘चालू’ असलेलं मशीन खरं तर वेळेच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासच चालू असतं. आमच्या मशीनवर डोस रेट कमी केला की पल्सची संख्या घटते, एका पल्सचा आकार तोच राहतो. फाटकावर एकटाच टीसी असताना भरलेली विरार लोकल रिकामी झाली तर तो तिकिटं किती तपासणार? लोकल तासाला सहा येवोत नाहीतर एक, प्रत्येक गाडीमागे सुटणाऱ्यांचं प्रमाण तेवढंच. म्हणून रेषा सरळ, आणि आकडा चुकीचा.

त्याला म्हटलं, रेट नको बदलूस, जागा बदल. काउंटर थोडा थोडा दाराकडे सरकवत नेला. प्रत्येक वेळी बीम बंद, दार उघडा, सरकवा, दार लावा. ते शिसं आणि बोरॉनयुक्त पॉलिथिन भरलेलं दार मोटरवर आपल्याच चालीने हलतं, तिथे घाई चालत नाही. पण जसजसे एका पल्समागचे न्यूट्रॉन कमी होत गेले, तसतसं मोजलेल्या आणि गणिताच्या आकड्यातलं अंतर मिटत गेलं. काउंटरभोवतीच्या पॉलिथिनमध्ये न्यूट्रॉन थोडे रेंगाळतात, त्यामुळे गर्दी जरा पांगते. दाराजवळ तेवढ्यावर निभावतं, आतल्या वळणावर निभावत नाही.

खात्रीसाठी बबल डिटेक्टर होते. बोटभर नळी, आत जेल, जेलमध्ये अतितप्त द्रवाचे बारीक थेंब. न्यूट्रॉन लागला की थेंबाचा बुडबुडा होतो आणि तिथेच अडकून राहतो. इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्यामुळे पल्सशी देणंघेणं नाही. फक्त मॉनिटर युनिट मोजकेच द्यायचे, नाहीतर बुडबुडे एकमेकांआड लपतात. आम्ही दोघांनी नळी टॉर्चसमोर फिरवत वेगवेगळे मोजले. आतल्या वळणाचा आकडा सिम्युलेशनला येऊन टेकला.

रिपोर्टमध्ये त्या जागेसमोर दोन्ही आकडे लिहिले, आणि काउंटरच्या आकड्यापुढे ‘ग्राह्य नाही’ असा शेरा मारला. साइट इंजिनियर म्हणाले, ‘‘दारावर तर सगळं मर्यादेत आहे. मग आतल्या आकड्यासाठी एवढा आटापिटा कशाला?’’

‘‘शेजारच्या दुसऱ्या बंकरचं दार किती जाड करायचं ते तुम्ही याच रिपोर्टवरून ठरवणार ना?’’ मी विचारलं. त्यांनी वही उघडली आणि दोन्ही आकडे उतरवून घेतले.