फोडणीतली मोहरी, सेकंदाला २४० फ्रेम: उजेडाचा हिशेब जमला, पुढे कढीपत्ता

पाण्याच्या थेंबांनंतर फोनवरच्या स्लो-मोशन व्हिडिओसाठी हाती घेतलेला विषय मोहरीचा. थेंब कधी सोडायचा हे आपल्या हातात असतं. मोहरी स्वतःच्या मर्जीने उडते. म्हणून हे प्रकरण जास्त किचकट आणि जास्त मजेचं. सध्याची स्थिती अशी: उजेड आणि फोकस पक्के झाले आहेत, धूर आटोक्यात आहे, दाण्यांच्या कडा धारदार निघतायत. आवाजाचं काम जेमतेम. दाणा नेमका फुटतो तो क्षण २४० वर मिळत नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे.

पळीच्या वर २० सेंटिमीटर उडालेला दाणा तेलातून निघतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर असतो. वर जाऊन परत खाली यायला ०.४ सेकंद. २४० च्या हिशेबाने ९६ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमने दाखवल्या की ३.२ सेकंदांची उडी. रीलसाठी एवढी पुष्कळ झाली. पण लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये दाणा ८ मिलिमीटर सरकलेला असतो. एका फ्रेमला तो तेलात, पुढच्या फ्रेमला हवेत. टरफल फाटतं ते या दोन्हींच्या मधल्या वेळात.

मग ९६० वर का घेऊ नये? सोनीच्या एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियमने २०१७ मध्ये आणि सॅमसंगच्या एस९ ने २०१८ मध्ये ९६० दिलं, पण ७२०पी मध्ये, म्हणजे कमी पिक्सेलच्या चित्रात, आणि एका वेळी जेमतेम ०.२ सेकंद. एवढ्याशा खिडकीत मोहरीला गाठायचं म्हणजे नशिबाचा खेळ. हालचाल दिसली की आपोआप सुरू होणारा मोड लावला तर तो तेलातल्या पहिल्या बुडबुड्यालाच उडतो, आणि मोहरी तडतडेपर्यंत खिडकी बंद. त्यात अनेक फोनांतलं ९६० किंवा १९२० हे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने रचून केलेलं असतं. ओळखायची रीत: व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवा. दर चौथी-आठवी फ्रेम स्वच्छ आणि मधल्यांमध्ये थेंबांच्या कडा वितळलेल्या, दाण्याला शेपूट किंवा जोडदाणा दिसला, तर त्या फ्रेम रचलेल्या आहेत. फोडणीत हे लगेच पकडलं जातं, कारण उडणारे तेलाचे शिंतोडे सॉफ्टवेअरला कळत नाहीत.

२४० सुद्धा खरं आहे का ते एकदा तपासून घ्यावं. गोटी १ मीटर उंचीवरून सोडली की ०.४५ सेकंदांत जमिनीला लागते. सोडल्यापासून टेकेपर्यंत सुमारे १०८ फ्रेम मोजल्या गेल्या पाहिजेत, आणि प्रत्येक फ्रेममध्ये गोटी थोडी खाली आलेली दिसली पाहिजे. एकाच जागी दोन-दोन फ्रेम थांबली, तर फोनने अर्ध्याच फ्रेम घेतल्या आणि उरलेल्या दुप्पट करून भरल्या. कमी उजेडात काही फोन असं करतात, म्हणून ही तपासणी ज्या दिव्यात शूट करायचं त्याच दिव्यात करावी.

आता मूळ मुद्दा, उजेड. स्लो-मोशन म्हणजे फ्रेमचा आकडा अशी समजूत असते. फोनवर स्लो-मोशन म्हणजे उजेडच. २४० वर शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/२४० सेकंदापेक्षा मोठं होऊ शकत नाही. तेवढ्यावर ठेवलं तरी २ मीटर वेगाचा दाणा ८ मिलिमीटरची रेघ होतो. फ्रेमची रुंदी १६ सेंटिमीटर धरली तर १९२० पिक्सेलच्या हिशेबाने दर मिलिमीटरला १२ पिक्सेल. दीड मिलिमीटरचा दाणा १८ पिक्सेलचा, आणि त्याची रेघ १०० पिक्सेलची. १/२००० ला ही रेघ १२ पिक्सेलवर येते, १/४००० ला ६ वर. दाणा दाण्यासारखा दिसायला १/४००० च्या आसपास जावंच लागतं.

अडचण अशी की अँड्रॉइडच्या हायस्पीड मोडमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही. एक्सपोजर कॅमेराच ठरवतो आणि आपल्याकडे उरते ती फक्त अधिक-उण्याची पट्टी. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यातही शटरचा आकडा नाही. तिथे ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं अॅप कामाला येतं, पण अॅप २४० देतंय का ते आधी पाहावं. बाकी सगळ्यांनी शटर उजेडानेच छोटं करायचं. बहुतेक फोनांच्या लेन्सचं छिद्र ठरलेलं असतं, बदलत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, तळाला पोचल्यावर जास्तीचा उजेड कापायला कॅमेऱ्याकडे एकच मार्ग उरतो, शटर आखूड करणं. म्हणून दिवा वाढवायचा, पट्टी उणे १ वर आणायची, आणि मग लॉक.

घरातले दिवे इथे निकामी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. साध्या व्हिडिओत शटर १/५० किंवा १/१०० ठेवून हे लपवता येतं. २४० वर तेवढं लांब शटर मिळतच नाही, आणि ८ पट संथ झाल्यावर तीच धडधड सेकंदाला साडेबारा वेळा डोळ्यांसमोर नाचते. नंतर संकलनात डीफ्लिकर, म्हणजे धडधड घालवणारा फिल्टर, लावून ती पूर्ण जात नाही. शिंतोडे मात्र जातात.

चालतं ते असं. सगळ्यात उत्तम ऊन. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन आरशाने वळवून पळीच्या मागून, थोडं वरून टाकायचं. दाणे आणि थेंब कडेने उजळतात, मागे काळं कापड असलं की सुटे दिसतात. दुसरा आरसा बाजूने. आरशाची झळाळी थेट लेन्समध्ये येणार नाही एवढं पाहा. उन्हाशिवाय करायचं तर बाईकचा जुना गोल हेडलाइट, त्यात १२ व्होल्टचा एच४ बल्ब आणि यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी. बल्बमधली ६० वॉटची तार ५ अँपिअर ओढते, म्हणून दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज. अर्ध्या तासाहून जास्त ओढू नये, बॅटरी मरते. बॅटरीची वीज एकसारखी, त्यामुळे धडधड शून्य. हेडलाइट पळीपासून ३०-४० सेंटिमीटरवर. प्लास्टिकचं काही त्याच्यासमोर नको. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडचा जुना ५०० वॉटचा हॅलोजनही चालतो. त्याची तार जाड, तापलेलीच राहते, म्हणून धडधड कमी. पण अगदी नाही असं नाही. एलईडी टॉर्च नेहमी पूर्ण जोरावर लावावी. मंद केली की अनेक टॉर्च उघडझाप करूनच उजेड कमी करतात, आणि २४० वर ते पट्टे होऊन दिसतं.

फोकस आणि अंतर. मुख्य कॅमेऱ्याने १६ सेंटिमीटरची फ्रेम हवी तर २ पट झूम करून फोन सुमारे २३-२५ सेंटिमीटरवर आणावा लागतो. स्लो-मोशनमधलं २ पट बहुधा नुसतं कापून मोठं केलेलं असतं, त्यामुळे कागदावरचे १८ पिक्सेल प्रत्यक्षात मऊ दिसतात. फोन ३ पटीच्या टेलि कॅमेऱ्यावर स्लो-मोशन घेऊ देत असेल तर वाचायच्या चष्म्याची +४ ची काच त्या लेन्ससमोर चिकटवावी. तिचं फोकस २५ सेंटिमीटरवर येतं आणि फ्रेम सुमारे १२ सेंटिमीटरची होते. कडा थोड्या ओघळतात, मधला भाग फार छान. क्लिपवाली मॅक्रो लेन्स इथे नकोच. ती काही सेंटिमीटरवर फोकस होते, म्हणजे फोन जवळजवळ तेलात.

फोकस लॉक करायला पळीच्या काठावर, मध्यरेषेत, आगकाडी आडवी ठेवा, तिच्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की काडी काढा आणि मगच गॅस पेटवा. लॉक न करता सुरू केलं की वाफ दिसताच कॅमेरा फोकस शोधत फिरतो.

फोनसमोर फोटोफ्रेमची काच उभी करायची, पण फोनला लागून. पळीजवळ ठेवली तर तिच्यावरचे शिंतोडे चित्रात दिसतात. लेन्सजवळ ठेवली तर ते धूसर होऊन नाहीसे होतात. काचेत फोनचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून फोनच्या मागे काळं कापड. दर दोन फोडण्यांनंतर काच भांडी घासायच्या साबणाने धुवा. नुसती पुसलेली काच तेलाचा पातळ थर धरून ठेवते आणि मागच्या उजेडाभोवती दुधाळ वलय येतं.

पळी लोखंडी, खोलगट. तेल २ मोठे चमचे, मोहरी १५-२० दाणे. सवयीने अर्धा चमचा टाकली तर गर्दी होते आणि एकही उडी वेगळी ओळखू येत नाही. मोठी मोहरी घ्यावी, बारीक राई फ्रेममध्ये ठिपक्यांसारखी दिसते. एक दाणा टाकून पाहा. लगेच तडतडला की रेकॉर्डिंग सुरू, मग बाकीचे. तेलातून धूर निघू लागला म्हणजे उशीर झाला: मागून आलेला उजेड धुरावर पसरतो आणि काळी पार्श्वभूमी राखाडी होते. गॅस मंद करून अर्धा मिनिट थांबावं. एक्झॉस्ट पंखा चालेल, चिमणी ओट्याला थरथर देत असेल तर बंद. झाकण हाताशी, डोळ्यांवर गॉगल, मुलं स्वयंपाकघराबाहेर. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी कदापि नाही.

आयफोनवर १०८०पी मध्ये २४० चं एक मिनिट सुमारे ४८० एमबी घेतं. मोहरी अर्ध्या मिनिटात आटोपते, तेव्हा जागा पुरते. तापलेल्या ओट्याजवळ फोन गरम होऊन अडतो, ती खरी काळजी. दोन शॉटच्या मध्ये फोन बाजूला काढून ठेवावा.

संकलनात डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, क्लिप अॅट्रिब्यूट्स, आणि फ्रेम रेट २४० चा ३० करा. ८ पट संथ, प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी. २५ वर नेलं तर ९.६ पट. टाइमलाइनवर वेग कमी करत बसलात तर रीटाइममध्ये ‘निअरेस्ट’ ठेवा. मधल्या फ्रेम रचणारा ऑप्टिकल फ्लो लावला की वर सांगितलेले जोडदाणे आपणच तयार करतो. फोनने फाइल आधीच संथ करून साठवली असेल तर हे काही लागत नाही. फाइलचा कालावधी पाहिला की कळतं. क्लायंटला किंवा ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर शिंतोड्यांचा चिखल होतो.

आवाज ८ पट संथ केला की तीन सप्तकं खाली जातो, तडतड जाऊन गुरगुर उरते. दुसऱ्या फोनवर साधा आवाज वेगळा घ्यायचा आणि प्रत्येक उडीच्या पहिल्या फ्रेमवर एक तडतड बसवायची. काम हातानेच, कंटाळवाणं, अजून सोपी वाट सापडलेली नाही.

पुढचा टप्पा कढीपत्ता. धुतलेल्या पानावरचं पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते खाली जातं, १०० अंशांवर एकदम वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. शिंतोडे मोहरीपेक्षा खूप लांब आणि वेगाने उडणार, तेव्हा काच मोठी हवी, पान हाताने न टाकता लांब चिमट्याने, एका वेळी एकच. उजेड आणखी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा लागेल, त्यासाठी दुसरा हेडलाइट आणि त्याला दुसरी बॅटरी. एकाच ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर दोन्ही चढवले तर व्होल्टेज पडून दोन्ही पिवळे होतात.