मोटर बसवलीत, मग पेडल कशाला मारता?

माझी वेलोमोबाइल, म्हणजे रेलून चालवायची, वरून पूर्ण बॉडी असलेली तीनचाकी सायकल, सिग्नलला थांबली की कुणीतरी वाकून हे विचारतंच. सिग्नल सुटेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर. पहिली गोष्ट, पेडल थांबलं की सेन्सर मोटर बंद करतो. दुसरी, सपाट रस्त्यावर ती मला लागतच नाही.

ही बॉडी हवा इतकी छान कापते की पायांच्या 150 वॉटवर ताशी 40 किलोमीटरच्या आसपास वेग टिकतो. युरोपातल्या नियमाने पेडल-असिस्टची मोटर 250 वॉटची असते आणि 25 ला मदत थांबवते. म्हणजे मोटर हात टेकते तिथे ही सायकल कुठे रंगात यायला लागते!

चढाला मात्र सगळी मिजास उतरते. गाडी 30 किलो, मी 80. पाच टक्के चढावर त्याच 150 वॉटमध्ये वेग जेमतेम 9. एवढ्या वेगाला बॉडीचा फायदा शून्य, वजनाचा भुर्दंड पुरेपूर. त्यात आतली हवा हलत नाही. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतो, काच धुरकटते. मोटरचे 250 वॉट मिळाले की वेग वीसच्या वर जातो आणि पुढच्या झरोक्यातून वारा यायला लागतो. खरं सांगू? मोटर लावली ती या वाऱ्यासाठी.

शिवाय सिग्नलपासून 40 गाठायला नुसत्या पायांना मिनिटभर तरी लागतं. मागच्यांचे हॉर्न तेवढा धीर धरत नाहीत.

मोटर कुठली, हे ज्याच्या त्याच्या रस्त्यावर आहे. पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली, त्यामुळे साधी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, तिथे बसत नाही. ती मागच्या चाकात. मी गिअरवाली घेतली, कारण बंद असताना ती फ्रीव्हीलमुळे चाकाला अडवत नाही. बिनगिअरची थोडी ओढ कायम ठेवते, पण लांब उतारावर वीज परत बॅटरीत घालते आणि ड्रम ब्रेक तापू देत नाही. डोंगराळ भागात राहत असतो तर तीच घेतली असती. पेडलपाशी बसणारी मोटर गिअरचा फायदा घेते, पण बॉडीच्या नाकात बुटांनाच जागा कशीबशी पुरते.

बॅटरी सीटमागे, 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर. फक्त चढाला वापरली तर तासभर चढण निघते.