एकदाच खाली आलेला आकडा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी लिथियम बॅटरीच्या कॅथोडची, म्हणजे धन टोकाची, काळी पावडर तपासायची होती. पेटंट मंजूर झाल्याचं जाहीर झालं की तिथून वर्षभरात त्याला विरोध नोंदवता येतो. आमच्या अशिलाची ती मुदत संपत आली होती.

पेटंटचा दावा असा: निकेल जास्त असलेल्या या कॅथोडच्या एक्स-रे आलेखात ००३ आणि १०४ या शिखरांच्या (स्फटिकातल्या दोन प्रतलांची ही नावं) उंचीचं गुणोत्तर १.२ च्या वर असतं. पेटंटच्या आधीच्या एका दस्तऐवजात कृती तीच होती, फक्त गुणोत्तर कुणी मोजलेलं नव्हतं. वकीलसाहेबांचं म्हणणं, गुण त्या पदार्थात मुळातच होता, मग तो नवा कसा? मुद्दा बिनतोड वाटतो, पण इथे 'बहुधा होता' चालत नाही. जुनी कृती केली की तो गुण दर वेळी यायलाच हवा.

त्या जुन्या कृतीने बनवलेल्या पावडरचा पहिला आकडा १.४२ आला. "मॅडम, जिंकलो!" वकीलसाहेब म्हणाले. मला मात्र होल्डरमधली पावडर खटकली. काचपट्टीने दाबून ती अगदी सपाट केली होती. असं दाबलं की चपटे कण आडवे होतात आणि ००३ चं शिखर उगाच उंच दिसतं. समोरचा तज्ज्ञ पहिलं बोट इथेच ठेवणार. न दाबता, बाजूने भरायला लावली. १.२७.

खरी अडचण ऑक्सिजनची होती. लिथियमच्या आयनाची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, दोन प्रभार असलेल्या निकेलची ०.६९, म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसू शकतो. ऑक्सिजन कमी पडला की असं निकेल जास्त उरतं, लिथियमच्या थरात शिरतं आणि गुणोत्तर घसरतं. जुन्या दस्तऐवजात 'ऑक्सिजनच्या प्रवाहात भाजणे' एवढंच होतं, प्रवाह किती ते नाही. म्हणून भट्टीवरच्या काकांकडून एक घाणा कमी प्रवाहावरही काढून घेतला होता. त्याचा आकडा संध्याकाळी आला: १.१६.

"हा द्यायलाच हवा का?" वकीलसाहेबांनी फोनवर विचारलं.

"साहेब, प्रतिज्ञापत्रावर सही माझी आहे. दस्तऐवजाने जे मोकळं सोडलंय, ते मी आपल्या सोयीने कसं भरू?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला: ऑक्सिजन वाढवला की निकेल जागेवर राहतं, हे पेटंटच्या आधी माहीत होतं का? होतं, छापील शोधनिबंधांत होतं. मग प्रवाह वाढवणं या क्षेत्रातल्या कुणालाही सहज सुचलं असतं. त्याच रात्री त्यांनी विरोधाचा मुख्य मुद्दा बदलला: 'हे नवं नाही' ऐवजी 'हे सहज सुचणारं आहे'. अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात माझं प्रतिज्ञापत्र गेलं ते १.१६ सकट.