रिक्षाच्या हुडापासून जुन्या गाड्यांच्या टपापर्यंत : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये आहे. जुन्या गाड्यांच्या टपावरचं व्हिनाइल (रेक्झिनसारखं प्लास्टिकचं आवरण) बदलणं किंवा आहे तेच दुरुस्त करून रंगवून देणं, हे आज आमचं मुख्य काम. सुरुवात मात्र रिक्षांच्या हुडांपासून झाली. वडील कुशनचे कारागीर. एक शिलाई मशीन, रेक्झिनचे ताके आणि समोर रिक्षांची रांग, एवढंच त्यांचं दुकान. मे महिन्यात त्यांना जेवायलाही फुरसत नसे, कारण हूड गळायला लागलं की जूनमध्ये रिक्षावाल्याचा धंदा बसतो.

हूड शिवणं दिसतं तितकं सोपं नाही. रेक्झिन सांगाड्यावर ताणलं की सगळा जोर शिवणीवर येतो. टाके फार जवळ घेतले तर सुईच्या भोकांच्या रांगेवरच ते फाटतं, फार लांब घेतले तर शिवण उघडते आणि पाणी आत येतं. उन्हात रेक्झिन सैल पडतं, गारठ्यात आखडतं. मापात किती सूट ठेवायची हे हाताला कळावं लागतं. वडिलांनी मला आणि धाकट्या भावाला आधी हे शिकवलं, सीट कव्हरं नंतर. आजही नवा मुलगा कामाला आला की आम्ही त्याला आधी हुडावरच बसवतो.

मध्ये बरीच वर्षं सीट कव्हरांवर चालली. मग तयार कव्हरं स्वस्तात मिळू लागली आणि त्या कामात दम राहिला नाही.

अशात नौपाड्यातले एक काका त्यांच्या वडिलांची डॉज डार्ट ही अमेरिकी गाडी घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या काळी परदेशी गाडी आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. वकिलातींनी वापरलेल्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात निघत, त्यातली ही एक. टपावर काळं व्हिनाइल. कापडी छताच्या उघड्या गाडीचा थाट पत्र्याच्या टपाला यावा म्हणून अमेरिकी कंपन्यांनी ही पद्धत आणली आणि १९६० च्या दशकात ती तिकडे फार चालली. डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरने तर १९६९ आणि १९७० मध्ये काही मॉडेलांना चक्क फुलाफुलांचं व्हिनाइल दिलं होतं.

काकांच्या गाडीला मागच्या काचेजवळ फुगे आले होते. त्यांना फक्त नवं रेक्झिन चढवून हवं होतं. आम्ही कोपरा उचलला तर खाली आणखी एक जुनं व्हिनाइल निघालं. आधी कोणीतरी त्यावरच दुसरं चिकटवून दिलेलं. दोन्ही काढली आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो पत्र्यातून आरपार गेला.

हे का होतं, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. व्हिनाइलच्या पाठीला कापडाचा थर असतो. क्रोम पट्टीच्या क्लिपांपाशी, शिवणीतून किंवा काचेच्या सुकलेल्या रबरातून पाणी शिरलं की ते कापड पाणी धरून ठेवतं. वरून व्हिनाइल असल्यामुळे ओल बाहेर पडत नाही. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस आणि जवळच खाडी. गंज आतल्या आत पसरतो आणि वर फुगा दिसेपर्यंत पत्रा बराच खाल्लेला असतो. टपाच्या कडेची पन्हळ आणि मागच्या काचेची चौकट या दोन जागा सगळ्यात आधी जातात.

त्या गाडीनंतर भावाने पत्र्याचं काम हातात घेतलं. एका जुन्या डेंटरकडे तो वर्षभर संध्याकाळी शिकायला जात होता. तेव्हापासून आमचा नियम आहे: टप उघडल्याशिवाय भाव सांगायचा नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं परत जातात, ती जाऊ देतो. सडका भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा, जुना गोंद थिनरने पूर्ण काढायचा, मग गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग. व्हिनाइलखाली कोणाला दिसणार म्हणून रंग वाचवणं मला पटत नाही. भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवून वर रेक्झिन ओढणं ही तर गाडीच्या मालकाची सरळ फसवणूक आहे.

मग खरं कौतुकाचं काम. टपाची मधली रेघ पुढून मागे आखायची, व्हिनाइलवरही तीच रेघ, आणि दोन्ही शिवणी तिच्यापासून सारख्या अंतरावर येतात का ते गोंद लावण्याआधी दहादा बघायचं. व्हिनाइल उन्हात पसरून मऊ करायचं. अर्धा भाग दुमडून दोन्ही पृष्ठभागांवर उष्णता सोसणारा गोंद लावायचा, तो हाताला चिकटेनासा झाला की मधून कडेकडे दाबत न्यायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. कोपऱ्यातल्या सुरकुत्या हीट गनच्या हलक्या उबेने बसतात. जोरात ओढलं तर व्हिनाइलवरचे उठावाचे दाणे पसरतात आणि तो चट्टा कायम राहतो. साधं रबर सोल्युशन इथे चालत नाही, मेच्या उन्हात टप तापला की ते सुटतं.

व्हिनाइल तडकलेलं नसेल आणि खाली पत्रा चांगला असेल, तर बदलू नका असं आम्हीच सांगतो. सौम्य साबण, मऊ ब्रश, पूर्ण वाळवण, उघडलेली शिवण चिकटवणं आणि मग व्हिनाइलच्या रंगाचे पातळ हात, एकावर एक. एक विनंती: आणण्याआधी चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश लावू नका. त्यावर रंग धरत नाही, गोल गोल डाग फुटतात.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. तेव्हापासून आमच्याकडे येणारी मंडळी दाण्यांचा नमुना आणि शिवणीची जागा मूळ फोटोंशी ताडून बघतात. मला याचा फार आनंद आहे. जुन्या व्हिनाइलचा तुकडा आम्ही कधी टाकत नाही, नव्याचे दाणे त्याच्याशीच जुळवतो.

वडील आता मशीनवर बसत नाहीत, पण प्रत्येक शिवणीवरून त्यांचा अंगठा फिरल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

पावसाळ्यात आम्ही व्हिनाइल चिकटवत नाही. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पकड कच्ची राहते. जून ते सप्टेंबर टप उघडणं, पत्रा आणि प्रायमर. चिकटवण्याचं काम दसऱ्यानंतर. गाडी आणण्याआधी मागच्या काचेच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांचे आणि पन्हळीचे जवळून काढलेले फोटो पाठवा. गाडी किती दिवस ठेवावी लागेल, याचा अंदाज त्यावरून येतो.