पूररेषेच्या आत कॅमेरा

क्लायमेट जस्टिसवर, म्हणजे हवामान बदलाचा फटका कोणाला जास्त बसतो यावर, तासाभराचा मराठी स्टँडअप स्पेशल करायचं मित्राने ठरवलं आणि लोकेशनचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याचं म्हणणं साधं होतं: पाऊस सगळ्यांवर पडतो, पण घरात कोणाच्या शिरतो? पुण्यात याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्याचा पहिला विनोदच हा होता, ‘आमच्या वस्तीत १०० वर्षं फार लवकर संपतात.’

त्याला मुख्य प्रयोग मुठेच्या नदीपात्रात हवा होता. मागे झेड ब्रिज, समोर सतरंजीवर प्रेक्षक. कागदावर झकास. पण पात्र जलसंपदा खात्याचं, रस्ता पालिकेचा, वाहतूक अडवायची तर वाहतूक शाखा आणि स्पीकरसाठी स्थानिक पोलीस ठाणं. रात्री १० नंतर स्पीकर बंद, म्हणजे उन्हाळ्यात अंधार पडल्यावर हाताशी जेमतेम अडीच तास. एका कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, “विनोदी कार्यक्रम आहे ना? मग पुराचा उल्लेख कशाला?” मी म्हटलं, “साहेब, पुरावरच आहे.” त्यांनी अर्ज पुढच्या टेबलावर सरकवला.

परवानगी मिळालीही असती कदाचित. नदीपात्राचा बेत बारगळला तो आवाजामुळे. साउंडवाल्याला घेऊन संध्याकाळी रेकी, म्हणजे जागेची पाहणी केली. डेक्कनजवळ मेट्रो पात्राच्या कडेनेच जाते आणि पात्रातल्या बुटक्या भिडे पुलावर दुचाकींची रांग हटत नाही. स्टँडअपमध्ये प्रेक्षकांचं हसू वेगळ्या माइकवर स्वच्छ घ्यावं लागतं; त्यात हॉर्न मिसळला की एडिटला काही करता येत नाही. शेवटी पेठेतला एक छोटा हॉल घेतला. मोठ्या नाट्यगृहांत शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांकडे असतात आणि चार कॅमेरे लावायचे तर एका सत्रात भागत नाही. बाहेरची ठिकाणं मधल्या छोट्या तुकड्यांसाठी ठेवली, आणि खरी डोकेफोड तिथेच झाली.

शहरातून वाहणारा आंबिल ओढा हवाच होता. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजकडून आलेलं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असं घुसत गेलं, टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. मित्राला त्या भिंतीजवळ उभं राहून बोलायचं होतं. मी आधी एकटाच जाऊन लोकांशी बोललो. एक मावशी म्हणाल्या, “शूटिंग करा की, पण आमची दारं नका दाखवू. मागे टीव्हीवाले आले, चिखलात बसलेली मी दिसले. पोराचं लग्न जमत आलं होतं, पाहुण्यांनी बातमी बघितली आणि परत फोन नाही केला.”

हे ऐकल्यावर ठरवलं, की कॅमेरा घरांकडे वळणार नाही. मित्र ओढ्याच्या वरच्या अंगाला उभा राहिला, जिथे पाण्याची वाट अरुंद झालेली दिसते. त्याने मावशींचा किस्सा त्यांना विचारून स्पेशलमध्ये घेतला. निर्मात्याशी एका गोष्टीवरून माझं वाजलं. रस्त्यावर शूटिंगचं भाडं सरकारी तिजोरीत जातं; ज्यांच्या गल्लीत दिवसभर तारा पसरतो त्यांना चहासुद्धा मिळत नाही. बजेटमध्ये वस्तीसाठी वेगळी रक्कम धरायला लावली. फार नव्हती, पण क्लायमेट जस्टिसचा कार्यक्रम करून तेवढंही द्यायचं नाही, हे मला पटत नव्हतं.

फुरसुंगी-उरुळी देवाचीचा कचरा डेपो यादीतून गेला. तिथला मुद्दा वासाचा, आणि वास कॅमेऱ्यात येत नाही. तो विनोद हॉलमध्येच ठेवला. ड्रोनचा हट्टही सोडला: लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, त्यामुळे ड्रोन उडवण्याच्या नकाशावर बंदी-परवानगीचे लाल-पिवळे पट्टे पाहूनच ऑपरेटरने हात जोडले.

मुळशी मात्र मजेशीर निघालं. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला. मित्राला ते पाणी मागे हवं होतं. काठावरच्या एका हॉटेलवाल्याने ‘लेक व्ह्यू’चे तासावर पैसे सांगितले. मित्राने तो दरच स्क्रिप्टमध्ये टाकला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून, झाडांमधून दिसेल तेवढ्या पाण्यावर शूट केलं.

आता एकच शॉट राहिलाय: बुडालेला भिडे पूल. निर्माता म्हणतो, खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि पूल पाण्याखाली गेला की धावत जाऊ. मी नाही म्हटलंय. त्या वेळी नदीकाठच्या पुलाची वाडी या वस्तीतले लोक सामान वर चढवत असतात, पोलीस दोर लावत असतात. तिथे आमच्या ट्रायपॉडचं काय काम? दरवर्षी वाडीतली पोरं मोबाइलवर तो पूल टिपतातच. त्यांच्यापैकी कुणाकडून तरी रीतसर विकत घेऊ, नावासकट. मोबदला किती द्यायचा, यावर सध्या घासाघीस चालू आहे.