मुतखडा फोडणाऱ्या लाटेचा दाब मोजताना

शरीराबाहेरून आघात-तरंग सोडून मुतखडा फोडण्याचा उपचार म्युनिकमध्ये 7 फेब्रुवारी 1980 रोजी पहिल्यांदा एका रुग्णावर झाला. आता आपल्याकडेही ‘मशीनवर खडा फोडून घेतला’ असे लोक दात काढून घेतल्याइतक्या सहजतेने सांगतात. ती लाट नेमकी किती जोराची असते, हे पाण्याच्या टाकीत मोजणे हे माझे काम आहे, आणि ते मी केसापेक्षा थोड्याच जाड अशा काचेच्या तंतूने करतो.

लिथोट्रिप्टरच्या, म्हणजे खडा फोडणाऱ्या या मशीनच्या, केंद्रबिंदूवर पाण्याचा दाब काही नॅनोसेकंदांत 50 मेगापास्कलच्या घरात, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाचशेपट, चढू शकतो. साधारण एका मायक्रोसेकंदात तो ओसरतो आणि त्यामागून काही मायक्रोसेकंद चालणारा ऋण दाब येतो. या काळात पाणी दाबले जात नाही, तर अक्षरशः ताणले जाते. ताण 10 मेगापास्कलच्या आसपास गेला की पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उमलतात, आणि ते मिटताना जवळच्या पृष्ठभागावर सुईसारखे फटकारे मारतात. खडा फुटण्यात या फटकाऱ्यांचा वाटा असतो. दुर्दैवाने खड्याच्या जागी ठेवलेल्या मोजमापाच्या उपकरणालाही ते तितकेच लागतात.

पूर्वीपासून वापरात असलेले पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला दाब मोजणारी उपकरणे, दाब पडला की विजेचा संकेत देतात. मध्यम तीव्रतेच्या अल्ट्रासाउंडसाठी ते उत्तम आहेत, पण आघात-तरंगांपुढे त्यांना खड्डे पडतात. त्याहून मोठी अडचण अशी की या प्लास्टिकला पाणी घट्ट धरून राहत नाही. ताण वाढला की पाणी पडद्यापासून सुटते आणि नोंदीतला ऋण भाग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उपकरण मोडले तर निदान कळते तरी. ते शांतपणे चुकीचा आकडा देत राहते, हे मला जास्त धोक्याचे वाटते.

यावर जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या श्टाउडेनराउस आणि आयझेनमेंगर या संशोधकांनी 1993 मध्ये मांडलेला उपाय थक्क करणारा साधा आहे. लेसरचा प्रकाश तंतूतून पाण्यात बुडवलेल्या, सरळ कापलेल्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथून परत येणारा प्रकाश फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाशाचा विजेचा संकेत करणाऱ्या घटकावर, मोजायचा. काच आणि पाणी यांचे अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) एकमेकांच्या जवळ असल्याने जेमतेम 0.2 टक्के प्रकाश परततो. दाब वाढला की पाणी किंचित दाट होते, त्याचा अपवर्तनांक काचेच्या आणखी जवळ सरकतो आणि परतणारा प्रकाश घटतो. ताण आला की तो वाढतो. दर मेगापास्कलला ही घट परतणाऱ्या प्रकाशाच्याच सुमारे 0.2 टक्के, म्हणजे 50 मेगापास्कलला साधारण दहा-अकरा टक्के भरते. इथे काच नुसती बघत असते, मोजण्याचे खरे काम पाणीच करते. शिवाय पाण्याची घनता दाबाबरोबर कशी बदलते हे आधीच नीट माहीत असल्याने, दाबाचा आकडा वेगळ्या प्रमाणित उपकरणाशी ताडून न पाहता गणिताने काढता येतो. काचेला पाणी घट्ट चिकटत असल्यामुळे ताणाचा भागही विश्वासाने नोंदवता येतो.

रोजच्या कामात सगळी मदार असते ती कापावर. तंतूवरचे प्लास्टिकचे आवरण सोलायचे, क्लीव्हर या तंतू कापण्याच्या अवजाराच्या पात्याने काचेवर बारीक ओरखडा काढायचा आणि तंतू ताणून तोडायचा. काप चांगला आला की सूक्ष्मदर्शकाखाली टोक आरशासारखे सपाट दिसते. तरी माझी खरी परीक्षा वेगळीच आहे. हवेत हेच टोक सुमारे 3.4 टक्के प्रकाश परत पाठवते, तेव्हा टोक पाण्यात बुडवताच संकेताचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरची रेषा सतराव्या हिश्श्याजवळ कोसळली पाहिजे. ती मध्येच अडकली, तर काप तिरका आहे किंवा टोकाला हवेचा बुडबुडा चिकटला आहे असे समजावे. म्हणून टाकीतले पाणी आधी निर्वात पंपाने वायुमुक्त करून घेतो. सुरुवातीला हा कंटाळा केला, तेव्हा अख्खी दुपार एका बुडबुड्याच्या नोंदी घेण्यात गेली होती.

या पद्धतीचे दोषही लहान नाहीत. मुळात परतणारा प्रकाशच इतका थोडा, की एका आघाताच्या नोंदीत मेगापास्कलच्या आतबाहेरचे बदल गोंगाटात बुडतात. अनेक आघातांची सरासरी घ्यावी, तर दोन आघात कधीच अगदी सारखे नसतात. दुसरी गोष्ट तंतूच्या जाडीची. लाट कठीण काचेवर आपटून परतते, त्यामुळे पहिल्या क्षणी टोकावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि मग तंतूच्या काठावरून वळून येणारी लाट तो खाली आणते. पाण्यात ध्वनी एका मायक्रोसेकंदात सुमारे दीड मिलिमीटर जातो, म्हणून 125 मायक्रॉन जाडीच्या तंतूत काठापासून मध्यापर्यंत यायला त्याला 40 नॅनोसेकंद लागतात. हा खोटा उंचवटा गणिताने काढून टाकल्याशिवाय शिखराचा आकडा कोणाला सांगू नये.

आणि टोक तुटतेच. कधी शेकडो आघात सोसते, कधी पंधरा-वीसातच रेषा एकाएकी दातेरी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेचा टवका उडालेला दिसतो. पडद्याचा हायड्रोफोन गेला तर नवा मागवण्याचा अर्ज लिहावा लागतो. इथे तंतू सेंटिमीटरभर मागे सोलायचा, पुन्हा कापायचा, बुडवायचा आणि रेषा सतराव्या हिश्श्याला येते का ते पाहायचे. हाताला सवय झाली की या सगळ्याला दहा मिनिटे लागतात.